सर्जापूरच्या वाटेवरील बिऱ्हाड

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाला कोरमंगलपासून निघून अनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचे वर्णन प्रवाशांच्या मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. लालबाग आणि विधानसौध पाहून परतणारा प्रवासी या बाजूस फिरकतही नाही. तरीही पुणे, नाशिक, जळगाव, कोल्हापूरकडच्या पुष्कळ घरांत आज या रस्त्याचे नाव तोंडवळणी पडले आहे. त्या घरातील मुलगा अथवा मुलगी नोकरीनिमित्त तिकडे बिऱ्हाड करून असते; आणि बिऱ्हाडही एकट्याचे नव्हे, तर ज्यांची कालपरवापर्यंत तोंडओळखही नव्हती अशा दोघातिघांबरोबरचे.

तसे पाहिले तर मराठी माणसाला बंगळूर नवे नाही. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि 1687 मध्ये मोगलांच्या हाती पडेपर्यंत भोसल्यांचा त्याच्याशी संबंध राहिला. पण सर्जापूर रस्त्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते याहून अलीकडचे आणि अधिक घरगुती आहे. या रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे ज्या विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय आहे, तिचा जन्म 1945 मध्ये खानदेशातील अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने झाला. इन्फोसिस ही दुसरी विख्यात कंपनीही 1981 मध्ये पुण्यात निघाली आणि दोनच वर्षांत बंगळुरास गेली. कारखाने ज्या वाटेने गेले त्याच वाटेने आता मुले जात आहेत, एवढेच.

इब्लूरच्या चौकात बाह्यवळण रस्ता ओलांडून पूर्वेकडे निघाले, की एकामागून एक गावांची नावे लागतात: कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र. हळ्ळी म्हणजे खेडे. नावापुरती ती अजून खेडीच आहेत. डोळ्यांना मात्र पंधरा-वीस मजली इमारतींच्या रांगा दिसतात. 2007 मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा 110 खेडी शहरात सामील करण्यात आली. खेड्याचे शहर कागदावर एका दिवसात झाले. पाण्याचे नळ, गटारे आणि रुंद रस्ते यांना मात्र त्या वेगाने येणे जमले नाही. हे ध्यानात घेतल्याशिवाय येथे घर शोधू नये.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी माझ्या भाचीला बेळ्ळंदूरजवळ नोकरी मिळाली, आणि तिच्याबरोबर चार दिवस या रस्त्यावर हिंडण्याचा योग आला. तिचे वडील जळगाव जिल्ह्यात शिक्षक आहेत. धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी साठविलेल्या पैशांतून त्यांनी तिला एक लाख रुपये काढून दिले होते. पहिला पगार महिन्याने मिळावयाचा होता. तेवढ्या रकमेत डोक्यावर छप्पर, तोंडात घास आणि जाण्यायेण्याचा खर्च, हे सारे बसवावयाचे होते.

नवागतांपुढे येथे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे ‘पी. जी.’ नावाने ओळखले जाणारे भोजन-निवासगृह. त्यात अनामत थोडी, जबाबदारी त्याहून थोडी. पण एका खोलीत दोन-तीन खाटा आणि ठराविक वेळचे ठराविक जेवण. दुसरा मार्ग म्हणजे दोन-तीन शयनगृहांची सदनिका भागीत घेणे. त्यात स्वतःची खोली व स्वतःची चूल मिळते, परंतु अनामतीचे ओझे खांद्यावर येते. बंगळुरात दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. आता ती घरोघरी निरनिराळी आहे, तरी रक्कम लहान नसते. शिवाय घर सोडताना रंगकामासाठी बहुधा एक महिन्याचे भाडे कापून घेतात. केंद्र सरकारने 2021 मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. परंतु तो नमुना आहे, आणि तो स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.

पहिल्या दिवशी आम्ही ‘मने बाडिगेगे इदे’ अशा पाट्या वाचीत गल्ल्या पालथ्या घातल्या. मने म्हणजे घर. आपले भाडे आणि त्यांचे बाडिगे यांचे नाते सांगावयास कोणी पंडित लागत नाही. पाट्यांवरील अक्षरे जितकी अगत्याची होती, तितके सगळेच दरवाजे नव्हते. एका ठिकाणी मांसाहाराची चौकशी झाली, दुसऱ्या ठिकाणी जातीची. तिसऱ्या घरी, “घर फक्त कुटुंबाला द्यावयाचे आहे,” असे उत्तर मिळाले. जिना उतरताना भाची म्हणाली, “मामा, मी काय झाडाला लागले होते? मीही कुटुंबातलीच ना?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

दुसरा दिवस पाण्याच्या चौकशीत गेला. पूर्वजांनी या उंचसखल प्रदेशात एकाखाली एक अशी तळी बांधली होती. वरचे केरे, म्हणजे तळे, भरले की त्याचे पाणी कालव्याने खालच्या केऱ्यात उतरे. कैकोंड्रहळ्ळीचे पाणी सौळ केऱ्याकडे, तेथून बेळ्ळंदूरच्या विस्तीर्ण तळ्यात, पुढे वर्तूर आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीत, अशी ही साखळी आहे. कालव्यांच्या वाटेत घरे उठली आणि पाण्याची वाट चुकली. 2022 च्या सप्टेंबरात या भागातील वसाहतींत इतके पाणी साचले, की लोकांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. उलट 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि टँकरची वाट पाहण्यात लोकांचे दिवस गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तो मुख्यतः या 110 खेड्यांसाठीच आहे. तरी नळ आपल्या इमारतीपर्यंत पोचला आहे काय, हे स्वतः विचारलेले बरे. आम्ही दलालाला न विचारता पहारेकऱ्याला विचारले. त्याने तळघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवरचा डाग दाखविला आणि म्हणाला, “तेव्हा एवढे होते.” त्या घराचा नाद आम्ही तेथेच सोडला.

तिसऱ्या दिवशी कैकोंड्रहळ्ळीच्या बाजूस एक घर मिळण्याची चिन्हे दिसली. तीन खोल्यांपैकी दोन खोल्यांत दोन मुली राहत होत्या, एक कटकची, दुसरी त्रिचूरची. तिसरी मैत्रीण दुसऱ्या शहरी निघाली होती. घर पाहावयास आम्ही गेलो खरे, पण परीक्षा झाली ती भाचीची. रात्रपाळी आहे काय, पाहुणे किती येतील, स्वयंपाकाला बाई ठेवण्यास संमती आहे काय, असे प्रश्न त्यांनी मोकळेपणाने विचारले. भाचीनेही विजेचे बिल कसे वाटता, आजारपणात एकमेकींना कोण पाहते, हे विचारून घेतले. वधूपरीक्षेपेक्षा ही परीक्षा मला अधिक शहाणपणाची वाटली; कारण येथे दोन्ही बाजू प्रश्न विचारीत होत्या.

घराचे भाडे 60,000 रुपये, अनामत चार महिन्यांची, म्हणजे 2,40,000. एकीच्या वाट्यास 80,000 आले. पहिल्या महिन्याचे भाडे 20,000 धरले, की वडिलांनी दिलेला लाख तेथेच संपला. शिवाय जाणारी मुलगी म्हणाली, की अनामतीचा आपला वाटा भाचीने आपल्यालाच द्यावा, मालकाला कळविण्याची गरज नाही, आणि आजच द्यावा, कारण उद्या दुसरी येणार आहे. खोली मनात भरलेली, दिवस हातातून चाललेले. भाची क्षणभर घुटमळली. मग तिने शांतपणे सांगितले, “माझे नाव करारात आल्याशिवाय मी पैसे देणार नाही. खोली गेली तरी चालेल.”

यातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. करारात नाव नसलेला भाडेकरू मालकाच्या दृष्टीने पाहुणाच असतो. अनामत परत मागताना त्याच्या हाती कागदाचा चिटोराही नसतो. येथील करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने अनुज्ञप्ती करारांची नोंदणीही सक्तीची केली आहे. आपल्याकडची ही सवय घेऊन जाणाऱ्याने परगावी आपले कागद अधिकच डोळसपणे पाहावेत. भाडे धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावे, घराच्या भिंतींची व सामानाची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून ठेवावीत, आणि घर पाहण्यापूर्वीच विसार मागणाऱ्यास हात जोडावेत.

संध्याकाळी मालकांशी बोलणे झाले. त्यांनी नवे नाव घालून पुरवणी करार करून देण्याचे मान्य केले. जाणाऱ्या मुलीनेही 20,000 रुपये महिन्याने घेण्याचे कबूल केले, तसे लिहून दिले, आणि उरलेल्या दोघींनी साक्षीच्या सह्या केल्या. खोली गेली नाही, आणि महिनाभराच्या खर्चापुरते पैसेही हाती राहिले.

बंगळुरात ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ असे एक वाक्य पदोपदी कानी पडते: थोडे सांभाळून घ्या. त्या घरात आता तीन प्रांतांची चूल एका ओट्यावर आहे. फळीवर नारळाचे तेल आणि शेंगदाण्याचे तेल शेजारी शेजारी असते. तिघींपैकी कोणालाच कन्नड येत नाही, म्हणून रोज पाच शब्द शिकावयाचे असा त्यांनी नेम केला आहे. तुपाला तेथे तुप्पा म्हणतात हे कळल्यावर भाचीने मला मुद्दाम कळविले.

या रस्त्यावरून सर्जापूर ते हेब्बाळ असा मेट्रोमार्ग नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 च्या डिसेंबरात मान्यता दिली आहे. तो धावू लागेपर्यंत मुलांनी कचेरीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर पाहावे. कमी भाड्याच्या लोभाने दूर गेल्यास वाचविलेले पैसे रस्त्यातच खर्च होतात, आणि दिवसही. आणि आईवडिलांना एक विनंती: लेकराचा दूरध्वनी आला, की “जेवलीस का?” हे अवश्य विचारावे, पण त्याच दमात “करारात नाव लागले का?” हेही विचारावे.