दहावा माणूस

अलिबाग भागात एका बेने इस्राएल काकांच्या वाडीत माडाची कीड पाहायला मी एकदा शनिवारी गेलो. काका म्हणाले, “साहेब, आज काम नाही. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी सारे सांगितले. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावोगाव विखुरल्याने धर्मशिक्षण विसरले. पण शनिवार, सुंता आणि ‘शमा’ ही प्रार्थना टिकली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. १८२६ च्या सुमारास कोचीनहून ज्यू शिक्षक आले, त्यांनी हिब्रू शिकवली. राखलेले बियाणे पुन्हा उगवले. १९४८ नंतर मात्र बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली.

“सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात,” काका म्हणाले. “नऊच जमले, तर दहाव्याची वाट पाहतो.”

बंधू-भगिनींनो, सभेला चारच शेतकरी आले की मी चिडून परत फिरत असे. त्या दिवसापासून चौघांनाही बसवून शिकवतो.