वैशाखातली हिरवळ

खानदेशात वैशाखात पाहुणा सहसा येत नाही. पुण्या-मुंबईच्या आप्तांना आम्ही ‘या’ म्हणतो ते रीत म्हणून, आणि तेही तितक्याच अदबीने ‘पुढे पाहू’ म्हणतात. त्यांचा तरी काय दोष? पारा ४५ अंशांना टेकला, की जळगावचे रस्ते दुपारी ओस पडतात आणि दाराची कडीसुद्धा हाताला चटका देते. ‘या दिवसांत तुमच्याकडे पाहायचे तरी काय?’ असे कुणी विचारले, तर माझे उत्तर ठरलेले आहे : झाडे!

एरंडोल, पारोळा करीत जळगावहून धुळ्याला जावे. सुमारे नव्वद किलोमीटरांची वाट. दोन्ही बाजूंना तापलेली काळी शेते आणि त्यांच्या बांधावर हिरवागार निंब! आम्ही त्याला नुसते निंबच म्हणतो. एवढी सावली देणाऱ्याला कडू कशाला म्हणायचे? वाटेत धरणगावकडे रस्ता फुटतो. मराठी मनात श्रावण हिरवा करून ठेवणारे बालकवी १८९० साली या धरणगावातच जन्मले. हिरव्या रंगाची खरी किंमत अशाच मुलखाला कळत असावी.

तापीपलीकडे रावेर-यावलच्या केळीबागाही उन्हाळ्यात हिरव्या असतात. पण तो हिरवेपणा विहिरीच्या जिवावरचा. केळीचे रुंद पान झळांनी फाटते, म्हणून बागेभोवती शेवरीचे कुंपण करावे लागते. निंबाचे तसे नाही. त्याची मुळे खोल आणि पाने बारीक. चैत्रात पालवी, मग मोहोर आणि पावसाच्या तोंडावर पिवळ्या निंबोळ्या, असा त्याचा क्रम. निंबोळीतल्या बीची रुजण्याची ताकद थोड्याच आठवड्यांत जाते. तेव्हा पावसाची वेळ साधलीच पाहिजे. पळसाचा हिशेब निराळा. पान म्हणजे पाण्याचा खर्च. तो खर्च थांबवून तो उघड्या फांद्यांवर फुले पेटवतो, ती पाखरांना लांबून दिसतात. आपण ज्याला रखरखाट म्हणतो, तो या झाडांचा तयारीचा हंगाम आहे. आमची आखाजीही याच दिवसांतली. माहेरवाशिणी येतात आणि निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात.

धुळ्याजवळ पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर ‘फड’ पद्धतीची शेती चाले. गावची भिजणारी जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक आणि पाटकरी पाळीने पाणी देणार. पाणी कमी असले, तर कोणता फड कोरडा ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे. ज्याच्या जमिनी निरनिराळ्या फडांत, त्याला तोटाही सोसवेल एवढाच होई. आता ही पद्धत थोड्या गावांत उरली आहे. बाकी ठिकाणी ज्याचा बोअर खोल त्याचे पाणी.

आमच्या अंगणातही फडाचाच प्रश्न आहे. नळ रोज येत नाही. तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्याची एक बादली संध्याकाळी उरते. ती कुणाला घालायची? तुळशीबद्दल वाद नाही. मोगरा उन्हाळ्यातच फुलतो, म्हणून सौ. त्याची बाजू घेते. मुलीचा गुलाब रोज पाणी मागतो. आणि चौथा हक्कदार फाटकाबाहेर उभा आहे : कमरेएवढे निंबाचे रोप. रस्ता चौपदरी होताना कडेचे जुने निंब पुष्कळ गेले. तेव्हापासून त्या रोपाकडे माझे लक्ष आहे.

मोठ्या निंबाला कुणाचे पाणी लागत नाही. पण पहिले दोन-तीन उन्हाळे त्यालाही कुणीतरी सांभाळावे लागते. यंदा घरात सर्वानुमते ठरले : गुलाबाचा फड कोरडा राहील. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बादली तिनेच उचलली आणि ती फाटकाबाहेर गेली. झोका बांधण्याजोगी फांदी यायला अजून बरीच वर्षे आहेत. तो कुणाची मुले घेतील, याची चौकशी तिने केली नाही. मीही केली नाही.