हकनाक

क्रियाविशेषण अव्यये शिकताना आपण ‘हळू’, ‘भरभर’, ‘रोज’ असे शब्द पाठ करतो. मला मात्र त्यांतला एक वेगळाच शब्द आवडतो. तो म्हणजे ‘हकनाक’. पाठ्यपुस्तकात तो क्वचितच भेटतो. आमच्या घरी मात्र तो आणि त्याचा भाऊ ‘नाहक’ दोघेही राहतात.

नळ चालू दिसला की आजी ओरडते, “नाहक पानी नको सांडू रं!” म्हणजे उगीच, कारण नसताना. हायवेवर एखादे कुत्रे गाडीखाली आले की आजोबा म्हणतात, “हकनाक गेला बिचारा.”

हे शब्द आले कुठून, असे मी बाईंना विचारले. बाईंनी मोबाईलवर मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला. तो पहिल्यांदा १८३१ साली छापला गेला. मग बाईंनी मला फोड करून सांगितली. ‘हक’ हा मूळचा अरबी शब्द. खरे, न्यायाचे, ज्याचे त्याला मिळायचे ते, असा त्याचा अर्थ. आपला ‘हक्क’ तोच. ‘ना’ हा फारसी, म्हणजे नाही. नापसंत, नाराज, नालायक यांतही हाच ‘ना’ आहे. तेव्हा नाहक म्हणजे हक्क नसताना, अन्यायाने. ‘हक-नाहक’ म्हणजे हक्क असो वा नसो. बोलता बोलता त्याचे झाले हकनाक.

पूर्वी राज्यकारभारात फारसी फार चाले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. तरी नाहक टिकला. मला वाटते, तो नुसता दफ्तरात नव्हता, माणसांच्या तोंडात होता. पुढे ‘अन्यायाने’ हा अर्थ मागे पडला आणि ‘उगीच’ हा पुढे आला.

पण आमच्या आजोबांना जुना अर्थ ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या बाजूला शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीला रास्त मोबदला मिळावा, ही मागणी होती. पुढारी होते दि. बा. पाटील. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यानंतर काही वर्षांनी साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. हे ऐकून मी म्हणालो, “म्हणजे आजोबा, ती माणसं हकनाक गेली.”

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नाय रं पोरा. हकनाक नाय गेली. हकासाठी गेली.”

एवढ्याशा ‘ना’ने केवढा फरक पडतो ते मला त्या दिवशी कळले. मित्रांनो, तुमच्याही घरी असे जुने शब्द असतील. आजी-आजोबांना विचारा आणि पुढच्या अंकात जरूर लिहा.