डॉक्टरांच्या परिषदेला आम्ही चौघी

येत्या ३० ऑक्टोबरपासून २ नोव्हेंबर २०१९ पर्यंत हैदराबादला फुप्फुसांच्या आजारांवरची जागतिक परिषद भरणार आहे. 'द युनियन' ही पॅरिसची जुनी संस्था ती भरवते आणि यंदाची ही पन्नासावी परिषद. देशोदेशीचे डॉक्टर, संशोधक, सरकारी अधिकारी येतील. इन्शाअल्लाह मुंबईच्या उपनगरांतल्या आम्ही चार बायकाही तिथे असू. आमच्यात कुणी डॉक्टर नाही, नर्स नाही. आम्ही टीबीच्या रुग्ण. तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, ज्याला एमडीआर म्हणतात.

आमची ओळख कान तपासण्याच्या रांगेतली. त्या बाकावर कुणी कुणाचं नाव विचारत नाही, स्टेशन विचारतात. त्यामुळे आम्ही एकमेकींना घाटकोपर आपा, बोरिवली ताई, अंधेरी आणि मुलुंड अशाच हाका मारतो. मुलुंड म्हणजे मी. अंधेरी आमच्यात सर्वांत लहान, कॉलेजात शिकते.

हैदराबादचा विचार आपांनी काढला. आपांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. सहा महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन घेतलं त्यांनी. कानात शिटी वाजते म्हणून सांगायला गेल्या, तेव्हा अशक्तपणा आहे असं म्हणून एका दवाखान्यातून त्यांना परत पाठवलं गेलं. हे इंजेक्शन कानाच्या आतल्या बारीक पेशी मारतं आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणूनच ते सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने कान तपासावे लागतात. माझा डावा कान त्यातच मंद झाला.

बोरिवली ताईंचे दोन्ही कान शाबूत आहेत. त्यांची पाळी आली तोवर बेडाक्विलिन नावाची गोळी आली होती. २०१६ साली ती देशात मोजक्याच केंद्रांवर मिळायला लागली, त्यात मुंबई होती. गेल्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की या आजारात कॅनामायसिन आता देऊ नये आणि बेडाक्विलिन पहिल्या पसंतीच्या औषधांत घ्यावी. आजार तोच, शहर तेच. आपा आणि ताई शेजारी बसतात तेव्हा दोन-तीन वर्षांचा फरक किती मोठा असतो ते दिसतं.

या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी आपल्या देशाच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. टीबीच्या औषधांनी दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेलेली. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट २०२३ साली संपतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला ते २०२७ पर्यंत लांबवायचं आहे, ते देऊ नका, म्हणजे दुसऱ्या कंपन्या ही गोळी स्वस्तात बनवतील, असं त्यांचं म्हणणं. आपांनी ती बातमी आम्हाला दाखवली आणि म्हणाल्या, "ह्या मुली एवढं करतात, आपल्याला हैदराबाद लांब आहे का?"

परिषदेचं नोंदणी शुल्क आम्हाला परवडणारं नाही. पण रुग्णांसाठी आणि सर्वसामान्यांसाठी एक भाग मोकळा असतो असं समजलं, आम्ही तिथेच जाणार. २९ तारखेला भाऊबीज. ताई दुपारी भावाला ओवाळून रात्री दादरला हुसेनसागर एक्सप्रेस पकडतील. दिवाळीची गर्दी, त्यामुळे दोन तिकिटं अजून वेटिंगवर आहेत. ताईंची गोळी सोमवार, बुधवार, शुक्रवारी जेवणासोबत घ्यायची असते. म्हणजे बुधवारची गोळी गाडीतच येणार, तेव्हा डबा कुणी आणायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. खिमा माझ्याकडे, पोळ्या आणि बटाट्याची भाजी अंधेरीकडे.

वाचक विचारतील, यांच्यामुळे गाडीत दुसऱ्यांना लागण नाही का होणार? आम्हा तिघींचे उपचार पूर्ण झालेत. ताईंचे चालू आहेत, पण त्यांच्या थुंकीच्या तपासण्या कित्येक महिने निगेटिव्ह आहेत आणि प्रवासाला डॉक्टरांनी हो म्हटलं आहे. योग्य औषध नियमित सुरू असलं की हा आजार पसरायचा थांबतो. आपल्या घरांत मात्र औषधं संपून वर्ष झालं तरी ताट-पेला वेगळाच राहतो.

आम्ही एक वही केली आहे. कान तपासण्याचं यंत्र प्रत्येक केंद्रावर का नाही? औषधांचे त्रास सांगणारा कागद मराठीत आणि उर्दूत का मिळत नाही? पोषणाचे महिन्याला ५०० रुपये औषध संपल्यावर हातात येऊन काय उपयोग? इंग्रजीत विचारायचं काम अंधेरीचं. मिळालेलं उत्तर मी वहीत लिहीन, म्हणजे आपांना वाचता येईल. अंधेरीची एकच अट आहे, तिचा फोटो कुणी काढायचा नाही. तिच्या वर्गात कुणालाच माहीत नाही.

माझ्याही घरी हाच प्रश्न आहे. धाकट्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी पनवेलला चालू आहेत. अम्मीने आधी विचारलं, सोबत पुरुषमाणूस कोण? आपांचं नाव ऐकून ती थोडी शांत झाली. मग म्हणाली, "कुणी विचारलं तर लग्नाला गेलीय म्हणून सांगते." दोन वर्षं माझा टीबी आमच्या नातेवाइकांत 'छातीचा त्रास' होता. आजार ही अल्लाहची आजमाइश आहे असं आपण म्हणतो आणि ऐब असल्यासारखा लपवतो, हे मला पटत नाही. पण अम्मीची भीतीही खोटी नाही. गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुडा याच कारणावरून मोडलेला तिने पाहिला आहे.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, निकाहनंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आधी आपणच सांगितलेलं बरं. येत्या रविवारी ते पनवेलला जाणार आहेत. बहीण हो म्हणाली आहे. माझे रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेव आणि तूही सोबत चल, असं त्यांनी मला सांगितलं आहे.