ताम्हिणीचा चढ आणि कूलंटचा थेंब

माणगावहून पुण्याकडे येताना ताम्हिणीचा चढ लागला, की बाबांची दोन लाख किलोमीटर पळालेली एसयूव्ही आपलं वय सांगते. सगळ्यांचं लक्ष धबधब्यांकडे, माझं टेम्परेचरच्या काट्याकडे! गाडीखाली थेंब नाही, तरी महिन्याला बोटभर कूलंट गायब. हेड गॅस्केट गेलं असेल, तर गाडी विकायचीच वेळ. पण ऑइल दुधाळ नव्हतं, पांढरा धूरही नव्हता. पौडच्या गॅरेजमध्ये थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट झाली आणि वॉटर पंपाच्या बारीक भोकातून थेंब डोकावला. गरम इंजिनवर तो तिथेच वाळायचा, उरायचा फक्त डाग. पंप बदलला, गाडी राहिली! घाटात निघताय? इंजिन थंड असतानाच कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.