पेडणे, डिचोली आणि फुटबॉल

सावंतवाडीहून बांदा मागे टाकून गोव्यात शिरणाऱ्या प्रवाशाला प्रथम लागते ते पत्रादेवी. येथून पेडणे तालुका सुरू होतो. गोवा म्हणजे चर्च आणि समुद्रकिनारे एवढीच समजूत घेऊन आलेला परप्रांतस्थ मराठी माणूस येथे चकित होतो. बोली सावंतवाडीकडच्या मालवणीला जवळची, भगवतीच्या देवळापुढे दगडी हत्ती, आणि जत्रेच्या रात्री दशावतार! पेडणे व डिचोली हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात.

अशा या मुलखात फुटबॉलची गोष्ट काढण्यास कारण आहे. हा खेळ गोव्यात रुजविला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने, 1883 साली, बार्देशातील शिवोली येथे. शिवोलीच्या समोर, शापोरा नदीच्या उत्तर तीरावर, पेडणे तालुकाच आहे. परंतु खेळ पसरला तो चर्चच्या शाळांमधून, आणि साहजिकच बार्देश, तिसवाडी, सासष्टी ही त्याची पहिली घरे ठरली.

पुढे पोर्तुगीज राजवटीने लोकांच्या या वेडाचा राजकारणासाठी उपयोग करून घेतला. 1955 साली मोझांबिकमधील लोरेन्सो मार्किश येथील 'फेरोव्हियारियु' हा रेल्वेचा संघ गोव्यात खेळावयास आला, तर 1959 मध्ये कराचीच्या पोर्ट ट्रस्टचा. भारताने नाकेबंदी केली तरी गोव्याला जगात मित्र आहेत, हे या सामन्यांतून दाखवावयाचे होते. आणि त्याच 1955 च्या 15 ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. पंजाबातून आलेला तरुण कर्नैलसिंग तेथे धारातीर्थी पडला. पाहुण्या खेळाडूंसाठी दार उघडणारे आणि सत्याग्रहींवर बंदुका रोखणारे सरकार एकच होते. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापुढे घटकाभर थांबणाऱ्याने ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. राज्यकर्ते गेले, खेळ मात्र राहिला. आणि तो आता कोणाच्या प्रचाराचा उरला नाही. डिचोलीची भूमी लोहखनिजाची. खाणमालकांनी संघ पोसले, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. 'क्लुब देस्पोर्तिवु द बिशोलिं', म्हणजे डिचोलीचे क्रीडामंडळ, यातूनच 1960 च्या दशकात डेम्पो संघ उभा राहिला. त्याने 1978 आणि 1979 मध्ये रोव्हर्स चषक जिंकला, आणि 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. 1983-84 मध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष करंडकही आणला. चर्चच्या अंगणात वाढलेला खेळ अशा रीतीने सर्व गोमंतकीयांचा झाला.

परंतु ज्या खाणींनी हे वैभव दिले, त्यांनीच डिचोलीच्या डोंगरांना जखमा केल्या, शेतांत लाल गाळ आणला. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा अनेक घरांची मिळकतही थांबली. मध्यंतरी, 2016 साली, राष्ट्रीय साखळीच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही संघांनी तीतून अंग काढून घेतले. डेम्पो 2024-25 च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला, ही समाधानाची गोष्ट. तरीही एका धंद्याच्या आधारावर उभा असलेला खेळ किती काळ तग धरील, हा प्रश्न मनात राहतोच.

या बाजूस येणाऱ्या आपल्या वाचकांनी नार्वे येथील, शिवछत्रपतींनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहावे, मयेचे तळे पाहावे. भातकापणीनंतरचे दिवस असतील तर सायंकाळी रस्त्याकडेच्या एखाद्या मोकळ्या शेताकडेही दृष्टी टाकावी. तेथे अनवाणी मुलांचा सामना रंगलेला असेल. त्यांना कोणी पगार देत नाही, कोणी करंडकही देत नाही. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत ती खेळत असतात.