परदेश दौरा, वेगवान गोलंदाज आणि कंबरेचं हाड

भारतीय संघ जाहीर झाला की दवाखान्यात एक-दोन दिवस रक्तदाबापेक्षा क्रिकेटवरच जास्त बोलणं होतं. मे २०२५ मध्ये इंग्लंड दौऱ्याचा संघ निवडला गेला तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, बुमराह फिट आहे तर पाचही कसोटी का खेळणार नाही? आणि फिट नसेल तर त्याला नेतात कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र क्रिकेटपेक्षा हाडांच्या शास्त्रात जास्त सापडतं, आणि तुमच्या घरात बारा ते वीस वर्षांचा एखादा गोलंदाज असेल तर ते तुमच्याही कामाचं आहे. मी कोणत्याही भारतीय खेळाडूचा डॉक्टर नाही. जे जाहीर आहे तेवढ्यावरच लिहितो आहे.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त भार पायातून वर कंबरेत चढतो. नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे आणि एका बाजूला वाकलेली, शिवाय पिळलेली असते. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्याला आम्ही 'पार्स' म्हणतो. सगळा ताण तिथे गोळा होतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला त्रास होतो, तो यामुळेच. एका चेंडूने काही बिघडत नाही. दिवसात सव्वाशे चेंडू, आठवड्यात दोन-तीन दिवस, असं चाललं की हाडाला सूक्ष्म तडे जाऊ लागतात.

हाड ते दुरुस्तही करतं, पण पद्धत आपल्या रस्त्याच्या कामासारखी. आधी खणायचं, मग भरायचं. खराब झालेलं हाड खाणाऱ्या पेशी लवकर कामाला लागतात, नवं हाड भरून घट्ट व्हायला कित्येक आठवडे जातात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चं असतं, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या काळात गोलंदाजाला छान वाटत असू शकतं. वेदना नाही म्हणजे हाड भरलं, असं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या वेगवान गोलंदाजांवर झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. एका सामन्यात ५० पेक्षा जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या तीन-चार आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढलेला होता. आता हे आठवा. डिसेंबर २०२४ मधल्या मेलबर्न कसोटीत बुमराहने दोन्ही डाव मिळून ५३ षटकं आणि वर दोन चेंडू टाकले. तो सामना ३० डिसेंबरला संपला आणि ३ जानेवारीला सिडनीची कसोटी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी पाठीच्या त्रासामुळे त्याला मैदान सोडावं लागलं आणि शेवटच्या डावात तो एकही चेंडू टाकू शकला नाही. त्या मालिकेत त्याने ३२ बळी घेतले होते. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण ज्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आहे तिच्याबाबत निवड समितीने हा योगायोग समजून सोडून द्यावा, असं मी तरी म्हणणार नाही.

त्यात इंग्लंड दौऱ्याचं वेळापत्रक बघा. आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला, लीड्सची कसोटी २० जूनला. आयपीएलमध्ये एका गोलंदाजाला सामन्यात जास्तीत जास्त चार षटकं, म्हणजे २४ चेंडू. कसोटीत तेवढे तो सकाळच्या पहिल्या तासात टाकतो. दोन महिने २४ चेंडूंची सवय झालेल्या शरीराला अचानक दिवसाला शंभर-सव्वाशे चेंडू सोसायला लावणं हाच खरा धोका. एकूण भारापेक्षा भारातली उडी वाईट. म्हणून निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी बुमराह पाचही सामने खेळणार नाही हे आधीच सांगून टाकलं आणि मोहम्मद शमीला दौऱ्यावर नेलंच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शमीच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर तो परत खेळू लागला होता, बळीही घेत होता, पण लांब स्पेलचा साठा अंगात नव्हता. अनेक जण चिडले. मला तो निर्णय पटला.

कारण याच्या उलट केलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि त्याचा दौरा तिथेच संपला. पुढे ओव्हलवर २००८ नंतर एकही कसोटी न खेळलेल्या आर. पी. सिंगला उतरवावं लागलं. त्याला एकही बळी मिळाला नाही, आणि त्यात त्याचा काय दोष? मालिका आपण ४-० ने हरलो. याउलट जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला बुमराह, शमी, उमेश सगळे जायबंदी होते. खेळलेल्या पाच गोलंदाजांच्या नावावर त्याआधी सगळ्या मिळून चार कसोटी होत्या. नटराजन तर नेटमध्ये गोलंदाजी करायला म्हणून गेलेला. त्यातही पहिल्याच दिवशी नवदीप सैनीची जांघ दुखावली. तरी आपण जिंकलो. दौऱ्यावर सहावा-सातवा गोलंदाज कशाला, असं विचारणाऱ्यांनी तो सामना पुन्हा बघावा.

२०२५ च्या दौऱ्यात बुमराह ठरल्याप्रमाणे तीनच कसोटी खेळला. मोहम्मद सिराज पाचही खेळला, १८५ षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी सहा धावांनी सामना जिंकून दिला. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं की बुमराह नसतो तेव्हाच भारत जिंकतो. हे म्हणजे औषध चालू असताना ताप होता, म्हणून औषधानेच ताप आला, असं म्हणण्यासारखं. आणि सिराजला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल, असंही नाही. प्रत्येकाची शैली, हाडाची जडणघडण, आधीच्या दुखापती वेगळ्या असतात.

आता आपल्या घरात येऊ. माझ्याकडे कंबर धरून येणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं मला वर्षातून एका ठरावीक काळात जास्त दिसतात, दिवाळीच्या आसपास. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मैदान बंद. मग दसऱ्याला नेट लागतं, सुट्टीत शिबिर सुरू होतं, आणि चार महिने चेंडू हातात न घेतलेला मुलगा सकाळ-संध्याकाळ टाकायला लागतो. उडी म्हणतात ती हीच. वर या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि उंची भराभर वाढत असते. सर म्हणतात, "स्नायू आखडलाय, होईल." आई शेक देते. बाबा विचारतात, "डॉक्टर, आता दुखत नाही, मग रविवारी मॅच खेळू दे ना? सिलेक्शन आहे हो." कॅल्शियमच्या गोळ्यांची मागणीही हमखास होते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढू, पण गोळीने षटकं कमी होत नाहीत.

कंबर एकाच बाजूला, टाकायच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखत असेल, एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर दुखणं वाढत असेल, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर गोलंदाजी थांबवा आणि दाखवायला या. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर त्यात बहुतेक दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतो. पायात मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा ताप असेल तर दोन आठवडेही थांबू नका. लवकर सापडलं तर बहुतेक मुलं शस्त्रक्रियेविना बरी होतात. पण गोलंदाजी साधारण तीन ते सहा महिने बंद, कधी जास्तही. फलंदाजी कधी सुरू करायची ते तपासून ठरवू.

आणि येताना एक वही आणा. गेल्या सहा आठवड्यांत मुलाने रोज किती चेंडू टाकले ते तारखेसह लिहून आणा, नेटमधले आणि सोसायटीत संध्याकाळी टाकलेलेही धरून.